गट आहे, बैठका आहेत, पोहे आहेत. फायदा कुठे आहे?

मानेवाडा_शिलाई यांचा प्रश्न

नमस्कार. लांबलचक लिहून राहिली, आधीच माफ करा.

मी नागपूरला, मानेवाड्यात राहते. सात वर्षांपासून घरूनच शिवणकाम करते: ब्लाउज, फॉल-पिको, कुर्त्यांचं फिटिंग. समोरच्या खोलीत दोन मशीन आहेत. एक माझी मोटरची, दुसरी सासूबाईंची जुनी पायमशीन. तिच्यावर आता फक्त गिऱ्हाइकांचे गठ्ठे असतात.

दिवाळीनंतर आम्ही पाच जणींनी एक गट केला. बचत गट नाही, पैसे जमा करत नाही. सगळ्या घरून काही न काही करणाऱ्या. एक काकू डबे देतात, मेडिकलच्या होस्टेलला पस्तीसेक डबे जातात. एक ताई मसाले, पापड, कुरडया करतात. एकीचं पार्लर आहे, एक पाचवी ते आठवीच्या शिकवण्या घेते, आणि मी. ठरलं असं होतं की एकमेकींच्या धंद्यातल्या अडचणी बोलायच्या, कोणी खचली तर धीर द्यायचा, आणि सगळ्यांनी मिळून वर यायचं. एक शनिवार सोडून एक, दुपारी तीन ते पाच, आळीपाळीनं एकेकीच्या घरी.

पहिल्या दोन-तीन बैठका खरंच छान झाल्या. घरी आली की रात्री झोप लागायची नाही, इतकं डोक्यात यायचं. आता काय होतं सांगते. तीनची बैठक साडेतीनला भरते. मग कूलर कोणाकडे वळवायचा त्यावर दहा मिनिटं. मग पोहे. मग मसालेवाल्या ताई बोलायला लागल्या की त्यांची नणंद, त्यांची मसाला दळून देणारी पल्व्हरायझरवाली, त्यांच्या मुलाचं लग्न, सगळं होऊन पाच वाजतात.

मागे एका बैठकीत मी हिंमत करून विचारलं, हाताखाली एक मुलगी ठेवू का? लग्नसराईत काम आवरत नाही, रात्री बारा-बारा वाजेपर्यंत बसते. पाच मिनिटांत चार सल्ले मिळाले. एक म्हणे ठेव. एक म्हणे ठेवू नको, शिकतात आणि पळतात. एक म्हणे आधी रेट वाढव. एक म्हणे इन्स्टावर व्हिडिओ टाक. वरून, 'तू खूपच साधी आहेस गं.' मी जितकी गोंधळून गेली होती त्याच्या दुप्पट गोंधळून परत आली. त्यातलं एकही केलं नाही. आणि पुढच्या बैठकीत कोणी विचारलंही नाही की बाई, तुझं काय झालं.

व्हॉट्सअ‍ॅपवर गटाचं पान आहेच. तिथे रोज सकाळी गुलाबाचं फूल आणि 'आपण करू शकतो'.

अजून एक, हे जरा नाजूक आहे. पार्लरवाली माझी गिऱ्हाईक आहे आणि तिच्याकडे माझे ११५० रुपये बाकी आहेत. तिच्यासमोर मी माझ्या पैशाच्या अडचणी कशा बोलू?

दोन तासांत माझा जवळजवळ एक ब्लाउज होतो. गट सोडू का? की सुधारता येतो?

तर्री_जास्त यांचं उत्तर

सोडा. त्या दोन तासांत तो ब्लाउज शिवा. आपली प्रगती आपल्याच हाताने होते, पाच जणी मिळून फक्त पोहे होतात.

मानेवाडा_शिलाई

भाऊ, हसू आलं. पण मन होत नाही. जानेवारीत एका नवरीच्या ऑर्डरच्या आदल्या रात्री माझ्या मशीनची मोटर जळाली. शिकवणीवाली रात्री नऊ वाजता स्कूटी घेऊन आली, मला मागे बसवलं, आणि आम्ही बंद होत आलेल्या दुकानाचं शटर धरून मोटर बदलून आणली. गट नसता तर मी तिला फोन लावला असता का? नसता लावला.

जुनी_सहयोगिनी यांचं उत्तर

ताई, मी बरीच वर्षं माविमची, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाची, सहयोगिनी होती, भिवापूर-कुही भागात. बचत गट बांधायचे, बैठका घ्यायच्या, वह्या तपासायच्या, हेच काम. म्हणून तुमचं वाचून आधी हात कपाळाला गेला.

आम्ही गावात पंचसूत्री शिकवायचो. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोबलेखन. बाया हसायच्या, म्हणायच्या मॅडम, पाचही वेळा 'नियमित' कशाला, एकदाच म्हणा न. तर तुमच्या गटात बचत नाही, कर्ज नाही, म्हणून परतफेडही नाही. पाचातली तीन सूत्रं गेली. उरली बैठक आणि वही. बैठक तुम्ही घेता. वही आहे का?

नसेल. मला पक्कं वाटून राहिलं की नसेल.

एका गावातला गट सांगते. त्यांची बैठक सुरू व्हायची ती मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून. कोण हजर, कोणी किती भरले, आणि कोण काय म्हणाली. एका बाईने शेळ्यांसाठी कर्ज घेतलं होतं, आणि पावसाआधी गोठ्यावर कवेलू (कौलं) टाकीन असं म्हणाली होती. पुढच्या महिन्यात ते वाचलं गेलं, टाकले नव्हते. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा वाचलं. तिसऱ्या महिन्यात सचिव वही उघडत होती तर ही बाई दारातूनच ओरडली, 'माझं नाव वाचू नका वं, आजच कवेलू आणले, चला पाहा!' कोणी तिला रागावलं नव्हतं. कर्जाचे हप्तेही ती बरोबर देत होती. पण स्वतःचाच शब्द चार बायांसमोर स्वतः ऐकायचा, ह्याचा धाक वेगळा असतो.

तुमच्यात पैसा फिरत नाही, तर शब्द फिरवा. बैठकीत शब्द उसना घ्यायचा, पुढच्या बैठकीत फेडायचा. दोनशे पानी वही घ्या. तारीख, नाव, आणि ती काय करणार ते एका ओळीत. 'धंदा वाढवीन' लिहायचं नाही. 'दहा जुन्या गिऱ्हाइकांना फोन करीन' असं लिहायचं, म्हणजे पुढच्या वेळी दहा झाले की चार ते सांगता येतं. चार झाले तर चार लिहायचे. चारचीही लाज नाही.

दुसरं, पाळी लावा. एका बैठकीत एकीचीच गोष्ट मोठी, तिला पाऊण तास. बाकीच्यांनी पाच-पाच मिनिटांत आपला शब्द फेडायचा, नवा लिहायचा. ज्या दिवशी जिची पाळी, तिने घरून प्रश्न पक्का करून यायचं.

आणि पोहे शेवटी. आमच्याकडे आधी सही, मग चहा असायचा. आधी चहा झाला की निम्म्या बाया चुलीकडे पाहायला लागायच्या.

वही पाळीपाळीने सगळ्यांनी लिहा. जिथे अध्यक्षबाईच वही लिहिते, तीच बोलते, तीच बँकेत जाते, तो गट अध्यक्षबाई माहेरी गेली की माहेरी जातो. असे गट मी खूप पाहिले. सगळेच टिकले असं खोटं नाही सांगणार.

हिंगणा_जॉबवर्क यांचं उत्तर

वहीचं पटलं. पाळीचं नाही पटलं. पाच जणी, दर पंधरा दिवसांनी बैठक, म्हणजे एकीची पाळी अडीच महिन्यांनी. धंद्यात आग लागली तर अडीच महिने थांबायचं का?

आम्ही चौघे आहोत, सगळे लहान युनिटवाले. माझं फॅब्रिकेशन. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी साडेसातला एका पोह्याच्या ठेल्यावर जमतो. आमचा नियम एकच: येताना आकडा आणायचा. 'मंदी आहे यार' चालत नाही. मागच्या महिन्यात किती बिलं फाडली, किती आले, किती अडकले, ते सांगायचं. चौघांपुढे आकडा बोलायला मला सहा महिने लागले, कबूल करतो. आधी वाढवून सांगायचो.

एक किस्सा सांगतो. एका पार्टीकडे माझे पैसे चार महिने अडकले. दोन बैठकांत मी नुसता त्या पार्टीला शिव्या देत होतो आणि हे तिघे मला साथ देत होते. लय बरं वाटायचं, पैसा काही येत नव्हता. तिसऱ्या वेळी एकाने विचारलं, 'बिलावर उद्यम नंबर छापलास का?' छापला नव्हता. लहान धंद्याची ती सरकारी नोंदणी होती, फुकटात होते ती, पण सर्टिफिकेट कपाटात. मग त्याने समजावलं. २००६ च्या एमएसएमई (लहान-मध्यम उद्योगांच्या) कायद्यात लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसला तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. आणि आता आयकरातही तसं कलम आहे. मुदतीत पैसे दिले नाहीत तर माल घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, ज्या वर्षी देईल त्या वर्षी मिळतो. म्हणून मार्च आला की पार्टीचा सीए स्वतःच पार्टीला फोन करतो. मी उद्यम नंबर आणि देय तारीख टाकून पत्र पाठवलं. पूर्ण नाही आले, पण मार्चच्या आत बरेचसे आले.

तो सांगणारा वकील नाही, सीएही नाही. त्याने हीच ठेच माझ्या दीड वर्ष आधी खाल्ली होती, एवढंच.

ताई, घरगुती गिऱ्हाइकाच्या उधारीला हे काही कामाचं नाही, शेजारणीला कोण नोटीस देते. पण उद्या एखाद्या शाळेचं किंवा दुकानाचं काम घेतलं तर लक्षात ठेवा.

जुनी_सहयोगिनी

भाऊ, आग लागली त्याची पाळी आधी. एवढं तर समजून घ्या न बाप्पा.

आजचाच_दिवस यांचं उत्तर

मी वेगळ्याच गटातला आहे. दारू सोडलेल्यांचा. नाव सांगत नाही, आमच्यात तशीच रीत आहे. असे गट १९३५ पासूनचे, अमेरिकेत ॲक्रन गावी एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन भेटले तिथून सुरू झालेले. दोघेही पक्के पिणारे. एकाला दुसऱ्याशी बोलल्यावर त्या दिवसापुरती प्यावीशी वाटली नाही, इतकी साधी सुरुवात.

आमच्याकडची एक गोष्ट तुमच्या कामाची वाटली म्हणून लिहितो. आमच्या बैठकीत बोलणाऱ्याला मध्ये तोडत नाहीत आणि सल्ला देत नाहीत. जे बोलायचं ते स्वतःचं. 'तू असं कर' नाही, 'माझ्याबरोबर असं झालं, मी असं केलं' असं. पहिल्या महिन्यात मला ह्याचा राग यायचा. मी म्हणायचो, अरे, माझं घर बुडून राहिलं, कोणी तरी सांगा काय करू. कोणी सांगेना. मग एक दिवस एक म्हातारबाबा आपली गोष्ट सांगत होते, पगाराच्या दिवशी घरी जायचा रस्ता कसा बदलला ते. माझ्याकडे पाहूनसुद्धा नाही. मी दुसऱ्या दिवसापासून रस्ता बदलला.

ताई, तुम्हाला चार सल्ले मिळाले. त्या चौघींपैकी कोणी स्वतः कधी हाताखाली मुलगी ठेवली होती का? हे विचारून पाहा.

हां, धंद्याच्या गटात प्रश्न विचारावेच लागतील, आमच्यासारखं नुसतं ऐकून नाही भागणार. पण आधी तिला पूर्ण बोलू द्या. आणि इथलं बोलणं इथेच राहील, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून वदवून घ्या. पार्लरमध्ये खुर्चीवर बसलेल्या बायकांना तुमचा आकडा कळला तर दुसऱ्या शनिवारी तुम्ही खोटा आकडा सांगाल. मीही सांगितले असते.

तर्री_जास्त

मी माझे शब्द मागे घेतो. पोहे मात्र ठेवा, शेवटी का होईना.

मानेवाडा_शिलाई (महिन्याभराने)

सगळ्यांना सांगायचं राहूनच गेलं होतं. वही आणली. शिकवणीवालीकडे बैठक होती, तिच्याकडे फळाही आहे. मीच सगळं वाचून दाखवलं, कुठे वाचलं ते सांगितलं नाही. मसालेवाल्या ताईंना वाटलं मी त्यांच्याबद्दल बोलून राहिली. बोलतच होती थोडीशी. काकूंनी मोबाइलवर बारा मिनिटांचा गजर लावला, आणि ठरलं की आज माझी पाळी, बारा मिनिटं कोणी बोलणार नाही. ताई पदराचं टोक तोंडात धरून बसल्या होत्या, खरंच.

मी पुन्हा तेच म्हटलं, मुलगी ठेवू का. गजर वाजल्यावर पार्लरवाली म्हणाली, 'मी ठेवल्या होत्या, दोन.' आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. पगार दिवाळीपर्यंत निघाला, नंतर गिऱ्हाईक कमी झालं तर स्वतःच्या घरखर्चातून दिला, आणि शेवटी त्यांना जा म्हणताना ती रडली. पहिल्या वेळी 'शिकतात आणि पळतात' म्हणणारी हीच. पळाल्या नव्हत्या.

मग शिकवणीवालीने विचारलं, एका ब्लाउजला किती वेळ लागतो? मी म्हटलं दोन-अडीच तास. ती म्हणे घड्याळ लावून पाहिलं का? नाही पाहिलं. मग माझी ओळ अशी लिहिली गेली: दोन आठवडे प्रत्येक कामाची वेळ लिहीन.

कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहीत गेली. अस्तराचा साधा ब्लाउज ४०० ला देते. इतवारी बाजारातून आणलेलं अस्तर, हूक, धागा धरून ८० जातात. उरले ३२०. वेळ, कटिंगपासून तुरपाई आणि ट्रायलपर्यंत, सरासरी तीन तास चाळीस मिनिटं. म्हणजे तासाला ८७. पॅडचा, डोरी-लटकनवाला ६५० ला देते आणि माझा समज होता की ह्यातच खरी कमाई आहे. सामान १९०, वेळ साडेसहा तास, कारण दोन-दोन ट्रायल आणि गळा उसवणं. तासाला ७१. आणि मुलींच्या रेडिमेड कुर्त्यांचं फिटिंग, ज्याला मी 'ठेव तिथे, बघते नंतर' म्हणते, त्याचे ६० घेते आणि वीस मिनिटांत होतं. तासाला १८०.

मी तीन वेळा गुणाकार करून पाहिला. मिस्टरांनाही करायला लावला.

मागच्या बैठकीत मी हे आकडे फळ्यावर लिहिले. खोलीत फक्त कूलरचा आवाज. मग मसालेवाल्या ताईंनीच, त्यांनीच हो, सगळ्यात कामाचं विचारलं: 'हे फिटिंगचे कपडे आणतं कोण?' होस्टेलच्या मुली. ऑनलाइन मागवतात, मोठे निघतात. सगळ्या काकूंकडे पाहायला लागल्या. काकू म्हणाल्या, 'डब्यात चिठ्ठी टाकणार नाही, सांगून ठेवते. डबा तो डबा. पण कोणी विचारलं तर सांगीन.' बरोबरच आहे त्यांचं.

मुलीचं सध्या राहू दिलं. तुरपाई आणि हूक लावायला समोरच्या वहिनी तयार आहेत, नगावर. साध्या ब्लाउजमागे माझी चाळीस मिनिटं वाचतील. जमतं का ते पाहायचं आहे.

आणि ते ११५०. हिंगण्याच्या भाऊंचा नियम घेतला, सगळ्यांनी आकडा सांगायचा, किती अडकले. काकूंचे डब्यांचे सगळ्यात जास्त निघाले. मी म्हटलं, माझी घरगुती उधारी ४३००. कोणाचं नाव घेतलं नाही. पार्लरवाली आपल्या नखांकडे पाहत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनपेवर ६०० आले. सोबत ना मेसेज, ना फूल. मीही काही लिहिलं नाही, नुसतं वहीत ४३०० खोडून ३७०० केलं.

ताई, तुमच्या कवेलूची गोष्ट मी बैठकीत सांगितली. आता माझ्या नावापुढे लिहिलं आहे, 'फिटिंग करून मिळेल, त्याच दिवशी, अशी पाटी गेटवर लावीन.' पेंटर उद्या येतो म्हणाला. असं तीनदा म्हणाला. आणि बैठक परवाच्या शनिवारी आहे.